अण्णांचं माशांचं दुकान, सत्तर फूट रोड : घ्यायला जाणार असाल तर आधी हे वाचा

सोलापुरात सत्तर फूट रोडवरून आत वळलं की भाजीच्या गाड्या संपतात तिथे, झेरॉक्सवाल्याला लागून हे दुकान आहे. बोर्डावरचं नाव उन्हाने इतकं उडालंय की 'फिश ॲक्वेरियम' एवढंच वाचता येतं. पण पूर्व भागात कुणालाही 'अण्णांचं माशांचं दुकान' म्हणून विचारा, दाखवतील. गाडी लावायला जागा नाही. चारचाकी घेऊन तर जाऊच नका.

मी युनिफॉर्म शिवून देते. एमआयडीसीत छोटं युनिट आहे, आणि पार्ट्या येऊन बसतात त्या पुढच्या खोलीत चार फुटी टाकी ठेवलीय. शाळांचे ट्रस्टी रेट पाडायलाच आलेले असतात. दहा मिनिटं मासे बघत बसले की जरा मवाळ होतात असा माझा अनुभव, त्यामुळे टाकीवरचा खर्च मी धंद्याच्या खात्यात धरते. सांगायचं कारण, मी काही मत्स्यतज्ज्ञ नाही. गिऱ्हाईक आहे, आणि मालाची पारख करणं हा माझा रोजचा उद्योग आहे.

दुकान बारा बाय वीसचं असेल. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली रॅकवर टाक्या, मध्ये एक माणूस जेमतेम चालेल एवढी वाट, मागे पडद्याआड आणखी टाक्या. दिवे मंद, पंप मात्र सगळे चालू. टाक्यांच्या काचा स्वच्छ असतात आणि मेलेला मासा तरंगताना मी इथे बघितलेला नाही, हे दोन्ही मुद्दे तुम्हाला कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतील. इथे जे वेगळं आहे ते टाकीवरच्या चिठ्ठीत आहे.

प्रत्येक टाकीवर स्केचपेनने लिहिलेल्या चार ओळी असतात. नाव, भाव, केवढा होतो, आणि माल कुठला. 'गप्पी. २० ला जोडी. दीड इंच. घरचा माल.' 'एंजल. ८० ला एक. हाताएवढा होतो. कोळत्तूर.' चेन्नईचं कोळत्तूर म्हणजे शोभेच्या माशांचं आगार. तिथून थर्माकोलच्या खोक्यांत, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून माल रेल्वेने येतो. चेन्नई-मुंबई लाईनवर सोलापूर पडतं, हा आपल्याला आयता फायदा. आणि मग एका टाकीवर ही चिठ्ठी: 'रेड टेल शार्क. १५० ला एक. एकच न्या. ५ इंच. फार्म, थायलंड. नदीतला नाही.'

कापडाच्या गाठीवर मिलचा शिक्का नसेल तर मी ती गाठ दारातूनच परत पाठवते, मग भाव कितीही पाडून दिलेला असो. मासेवाल्यांकडे शिक्का मागायचा असतो हे मात्र मला इथे येईपर्यंत सुचलं नव्हतं. मी विचारलं, "अण्णा, नदीतला नाही असं मुद्दाम का लिहिलंय?"

"नदीत आता घावत नाही म्हणं अक्का. सगळं फार्मचंच येतंय. कोण तरी विचारतंय, सांगायला लागतंय, म्हणून लिवलंय."

एवढंच बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. पुढचं मी घरी येऊन शोधलं, आणि त्यानंतर त्या टाकीसमोरून नुसतं चालत जाणं मला जमेना.

हा मासा मूळचा थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. शार्क म्हणतात ते केवळ पाठीवरच्या उभ्या पराकडे बघून, खानदान पाहिलं तर आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. ह्यू मॅककॉर्मिक स्मिथ नावाचे अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ सयाम (म्हणजे आताचं थायलंड) सरकारचे सल्लागार होते, त्यांनी १९३१ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. तेव्हा बुंग बोराफेत या मोठ्या पाणथळीत तो दुर्मीळ वगैरे अजिबात नव्हता. पुढे धरणं झाली, पाणथळ जागा शेतीसाठी आटवल्या गेल्या, आणि पकडून विकण्याचाही त्यात हात असावा असं म्हणतात. १९९६ साली आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, त्याला 'निसर्गातून नामशेष' या रकान्यात टाकलं. नंतर त्याच खोऱ्यात एका ठिकाणी थोडे सापडले म्हणून आज तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. आणि याच काळात लंडनपासून लातूरपर्यंत कुठल्याही दुकानात जा, तो आहेच. दीडशे रुपयांना! वाघाचं नाव काढलं तरी आपण हळहळतो, आणि हा बिचारा फिल्टर आणि खडूच्या रंगाच्या दगडांमध्ये भाव लावून बसलेला.

तो संपला नाही याचं श्रेय एका इंजेक्शनला आहे, आणि त्या इंजेक्शनाचं आपल्याशीही नातं आहे. हे मासे टाकीत आपणहून क्वचितच अंडी घालतात. फार्मवर त्यांना हार्मोन टोचून अंडी घालायला लावतात. रोहू-कटल्याचंही तसंच होतं, बंद तळ्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज नदीतून गोळा करावं लागायचं. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्याच पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं. तारीख १० जुलै, म्हणून आजही तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. खायच्या माशासाठी जे तंत्र आपल्याकडे घरोघरच्या ताटापर्यंत पोचलं, त्याच धर्तीच्या तंत्रावर थायलंडचा हा काळा-लाल मासा तगून आहे.

आता खरेदीचं सांगते. अण्णा मासा आधी देत नाहीत, आधी टाकीचा फोटो मागतात. फोटो नसेल तर माप विचारतात, सोबत कोण कोण आहे ते विचारतात. माझ्या फोटोत एक रेनबो शार्क दिसला तशी मान हलवली. तो रेनबो शार्क मला शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानाने 'रेड टेल' म्हणून विकला होता. फरक साधा आहे, एकदा कळला की विसरत नाही. रेनबोचे सगळेच पर तांबूस असतात आणि अंग राखाडीकडे झुकतं. रेड टेलचं अंग आणि बाकीचे पर मखमली काळे, लाल फक्त शेपूट, आणि नीट बघितलं तर पाठीवरच्या पराच्या टोकाला पांढरा ठिपका. दोघांना एका टाकीत ठेवलं की मारामारी ठरलेली. "दोन ठेवलं की एक मरतंय अक्का. पयला ह्याला हलवा, मग या." मी रेनबो भाच्याच्या टाकीत पाठवला, आणि मगच मला रेड टेल मिळाला.

पकडायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. एक जाळी काचेला टेकवून अगदी स्थिर धरतात, दुसरी लांबून हळूहळू आणत माशाला पहिलीकडे वळवतात. पाठलाग नाही, ढवळणं नाही. मासा जाळीत आला की बाहेर काढत नाहीत, पाण्यातच एका मगात घेतात आणि मगासकट पिशवीत ओततात. पिशवीत एक तृतीयांश पाणी, वर सिलिंडरचा ऑक्सिजन, मग पिळा मारून दोन रबर. कोपरे टेपने गोल करतात, का तर छोटा मासा कोपऱ्यात अडकून चेंगरतो. वर वर्तमानपत्राचा थर, अंधारात मासा शांत राहतो म्हणून. हे सगळं वीस रुपयांच्या गप्पीलाही आणि दीडशेच्या शार्कलाही तितक्याच निगुतीने. घरी गेल्यावर पिशवी किती वेळ तरंगत ठेवायची, टाकीचं पाणी थोडं थोडं करून कसं घालायचं ते तोंडी सांगतात आणि परत म्हणून घेतात. माझ्या शिकाऊ कारागिरांना मी असं म्हणून घेत नाही, घ्यायला हवं.

पाण्याचा सल्ला सोलापूरचं पाणी ओळखून देतात, आणि हे मला सगळ्यात आवडलं. बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरे डाग पाडणारं. नळाचं साठवूनच वापरायची आपल्याला सवय, तर ते उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलेलं असलं की क्लोरीन बहुतेक उडालेलं असतं. त्यात बोअरचं किती मिसळायचं ते तुमच्या भागाप्रमाणे सांगतात. जुळे सोलापूर म्हटलं की एक प्रमाण, अक्कलकोट रोड म्हटलं की दुसरं. यूट्यूबवर परदेशी माणूस आरओ बसवा म्हणून सांगत असतो. अण्णा म्हणतात पिंप उघडं ठेवा.

माझा रेड टेल आता टाकीतल्या फुटक्या मातीच्या मडक्यात राहतो. मडक्याच्या तोंडासमोरून बार्ब गेला की सुटलाच अंगावर, पण चावत नाही, हद्दीपर्यंत सोडून येतो. मग काचेवरचं शेवाळ खुडत बसतो. लाईट जाऊन पंप बंद पडला की काही वेळाने अंगावरचा काळा उतरून राखी होतो, लाईट आली की पुन्हा काजळासारखा. पार्ट्यांपैकी एक मुख्याध्यापिका त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या शिपायासारखा आहे." बिल त्यांनी त्याच महिन्यात चुकतं केलं. योगायोगही असेल.

आता दुकानात मिळत नाही त्याबद्दल, कारण माझ्या मते दुकानाची खरी परीक्षा तिथे होते.

मला व्हाइट क्लाउड मिनो हवे होते. छोटे, चंदेरी-सोनेरी पट्ट्याचे, लाल शेपटीचे. १९३२ साली चीनमध्ये कँटनजवळच्या बाइयुन डोंगरातल्या ओढ्यात तान नावाच्या स्काउट मास्तरला ते दिसले, म्हणून त्यांच्या शास्त्रीय नावातही तानच आहे. डोंगरावर पर्यटन वाढलं, ओढे बिघडले, आणि १९८० नंतर वीसेक वर्षं तो तिथे कुणाला दिसलाच नाही. संपला असंच धरून चालले होते. नंतर चीनमध्ये आणि व्हिएतनाममध्ये काही लहान वस्त्या सापडल्या. तोवर माहीत असलेले सगळे व्हाइट क्लाउड टाक्यांमध्येच वाढत होते, तेही लाखांनी. अण्णांकडे ते मागवता येतात, कोळत्तूरच्या यादीत नाव आहे. पण मला दिले नाहीत. डोंगरओढ्यातला मासा, त्याला पाणी २० अंशांच्या आसपास लागतं. माझं युनिट पत्र्याचं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना टाकीचं पाणी ३३-३४ ला टेकतं. "थंडीत न्यायला येईल, उन्हाळ्यात मला शिव्या देणार तुम्ही. कशाला?" हातचं गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार मी आमच्या धंद्यातही फार बघितलेला नाही.

कॉलेजची पोरं ॲक्सोलॉटल मागायला येतात. मासा नव्हे, पाण्यातच राहणारा चार पायांचा उभयचर. मोबाइलच्या गेममध्ये बघितलेला असतो, गुलाबी, हसऱ्या तोंडाचा, मानेला झालरी. त्याला तर पाणी याहून थंड लागतं. अण्णा सरळ 'भेटत नाही' म्हणून मोकळे होतात. पोरांना जे कुणी सांगत नाही ते मी इथे सांगते, कारण त्यात आपली उजनी येते. ॲक्सोलॉटल मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला. १८६४ च्या सुमारास चौतीस जण बोटीने पॅरिसला पोचले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतले बरेचसे त्यांतल्याच काहींच्या वंशातले आहेत. तुटलेला पाय परत उगवतो म्हणून शास्त्रज्ञांचा लाडका. मूळ घरी मात्र मोजणी केली तर १९९८ साली चौरस किलोमीटरला ६,००० च्या आसपास, आणि २०१४ साली पस्तीस-छत्तीस. पाणी घाण झालं हे एक. दुसरं म्हणजे लोकांना मासळी मिळावी म्हणून त्या कालव्यांत सोडलेले कार्प आणि तिलापिया. ते ॲक्सोलॉटलची अंडी-पिल्लं फस्त करतात.

तिलापिया म्हणजे आपली चिलापी. टेंभुर्णी-भिगवणच्या बाजूला उजनीच्या काठी थाळी खाल्ली असेल तर ताटात तीच होती. ती आपली नाहीच. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणली, धरणाधरणांत पसरली, आणि स्थानिक माशांची जागा खाल्ली असं मच्छीमारच सांगतात. मूळची आग्नेय आफ्रिकेच्या नद्यांमधली. आणि तिथे तिची गत बघा: मत्स्यशेतीसाठी आणलेली नाइल तिलापिया नद्यांत सुटली, दोघींचा संकर होत गेला, आणि शुद्ध मोझांबिक तिलापिया तिच्याच नद्यांत आता 'असुरक्षित' यादीत आहे. आपल्याकडे नको इतकी, घरी नकोशी झालेली. तळलेली चिलापी मला आवडते, हे लपवत नाही.

बासाचंही असंच. हॉटेलात बासा म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा येतो तो बहुतेक वेळा मेकाँग आणि चाओ फ्रायातला पंगासियस. व्हिएतनाममध्ये वर्षाला दहा लाख टनांहून जास्त पिकवतात, आंध्रातल्या तळ्यांतही भरपूर होतो, आणि नद्यांतला रानटी पंगासियस 'संकटग्रस्त' आहे. याचीच बोटभर पिल्लं शोभेच्या दुकानांत 'शार्क' म्हणून विकतात. पोरगं हट्ट करतं, बाप घेतो, आणि मासा मीटरभर वाढायची तयारी ठेवून आलेला असतो. अण्णांकडे तो नाही. विचारलं की हात पसरून माप दाखवतात आणि पुढच्या टाकीकडे नेतात.

इथे नसलेला आणखी एक म्हणजे डेनिसन बार्ब, 'मिस केरला'. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतला, लाल-काळ्या पट्ट्यांचा, परदेशात फार मागणी असलेला आणि त्या मागणीपायीच ओढ्यांतून उपसला गेलेला. "रानातला माल नगं," एवढंच अण्णांचं म्हणणं. रेड टेल चालतो, मिस केरला चालत नाही, हा हिशोब मला आधी उलटा वाटला होता. विचार केला तर बरोबर आहे. फार्मच्या रेड टेलमुळे थायलंडच्या नदीतला एकही मासा कमी होत नाही. ओढ्यातून उचललेल्या माशामुळे होतो.

उलट बाजूही सांगते. रेड टेल विकत घेऊन आपण जात वाचवतोय वगैरे काही नाही. फार्मवर पिढ्यानपिढ्या निवड होते ती रंगावर आणि खोक्यात टिकण्यावर, आणि कुठला मासा कुठल्या ओढ्याच्या वंशातला याची नोंद कुणी ठेवत नाही. नोंद असली तर काय होतं याचं एक उदाहरण वाचलं. मेक्सिकोत हालिस्को राज्यातल्या तेउचित्लान नदीत टकीला नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक छोटा मासा होता, टकीला फिशच म्हणतात. २००३ पर्यंत तो नदीतून पार गेला. पण १९९८ साली इव्हान डिबल या इंग्लंडच्या हौशी मत्स्यपाळाकडच्या पाच जोड्या तिथल्या मिचोआकाना विद्यापीठात पोचल्या होत्या, चेस्टर झू पाठीशी होतं. विद्यापीठाने त्यांची पैदास केली, आधी तळ्यात सोडून शत्रूंची, परजीवींची सवय होऊ दिली, आणि मग दीड हजाराच्या आसपास मासे परत त्याच नदीत सोडले. तिथे ते वाढतायत. हे मी अण्णांना सांगितलं तर त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. "पाच जोड्यांवर? मग लाईन लई सांभाळली असंल." आणि मागच्या पडद्याआड नेऊन स्वतःच्या गप्पीच्या टाक्या दाखवल्या. प्रत्येकीवर खडूने तारीख आणि नर कुठल्या टाकीतला ते लिहिलेलं. हा भाग ते सगळ्यांना दाखवत नाहीत. विचारा, दाखवतील.

सोलापूरच्या माणसाला या सगळ्यात नान्नज आठवल्याशिवाय राहत नाही. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, शाळेच्या सहली जायच्या. आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. जैसलमेरकडे २०१९ पासून माळावरची अंडी गोळा करून उबवतात, पिल्लं हाताने वाढवतात, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. माळढोकची दखल सरकारला घ्यावी लागते, तो मोठा आणि देखणा आहे. पाच इंची माशाची नोंद सत्तर फूट रोडवरच्या चिठ्ठीवर असते, हेही नसे थोडके.

आता तक्रारी. दुपारी एक ते पाच दुकान बंद, आणि पाच म्हणजे साडेपाच. स्कॅनर चिकटवलेला आहे पण 'नेट नाही' हे उत्तर ठरलेलं, रोख न्या. पाणवनस्पती भंगार आहेत, त्या इथून घेऊ नका. फिल्टर, लाईट यांचे भाव ऑनलाइनपेक्षा जास्त, पण बिघडलं तर दुरुस्त करून देतात, तेव्हा फिटंफाट. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे अण्णा नसताना गल्ल्यावर बसणारा मुलगा. त्याला चिठ्ठीशी काही देणंघेणं नाही. माझ्यासमोर एका ताईंना गोल्डफिशच्या वाडग्यासाठी रेड टेल द्यायला निघाला होता, तेही दोन. मीच चिठ्ठी वाचून दाखवली. त्या ताई गप्पी घेऊन गेल्या आणि मुलगा माझ्यावर आठवडाभर नाराज होता. अण्णांना सांगितलं, ते म्हणाले शिकंल. अजून शिकतोय.

चिठ्ठीतही सुधारणेला जागा आहे. 'नदीतला नाही' एवढ्यावर भागत नाही, 'नदीत का नाही' हे एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? मी सुचवलं. अण्णा म्हणाले जागा पुरत नाही. मोठा कागद घ्या म्हटलं तर हसले. पुढच्या वेळी आमच्या युनिटमधले साइजचे टॅग घेऊन जाणार आहे, पुठ्ठ्याचे, दोन्ही बाजूंनी कोरे.

एक सोय मात्र नक्की वापरा. मासा मोठा झाला, जमेना, गाव सोडून चाललात, तर अण्णा परत घेतात. पैसे देत नाहीत, बदल्यात खाद्याचं पाकीट देतात. दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'मासे तलावात सोडू नका, इथे आणा.' काच साफ करायला म्हणून घेतलेले सकर मासे लोकांनी देशभरच्या तळ्यांत सोडून काय करून ठेवलंय ते मच्छीमारांना विचारा, त्यांची जाळी फाटतात. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावरून पिशवी रिकामी करणारी माणसं मी स्वतः बघितलीत, पुण्य केल्याच्या थाटात.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या मुलासाठी आणि वनस्पतींसाठी कापला. माल गुरुवारी उतरतो, पण आल्याआल्या विकत नाहीत, मागच्या टाक्यांत आठवडाभर ठेवून मगच पुढे आणतात. तेव्हा गुरुवारी धावत जाण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सहानंतर, अण्णा आहेत का ते झेरॉक्सवाल्याला विचारून, टाकीचा फोटो आणि सुटे पैसे घेऊन जा.